दाणा नको, चुरा बघा: जुन्या प्लास्टिकचं मिश्रण पारखायचं कसं

कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं मोल्डिंगचं शेड आहे. द्राक्षाच्या हंगामात कॅरेटची मागणी निघाली, की स्वस्त रिप्रो दाण्याचा (जुनं प्लास्टिक वितळवून पुन्हा पाडलेला दाणा) मोह होतो. एका वर्षी मीही तो घेतला. कॅरेट दिसायला फक्कड, पण भरून थरावर थर चढवले आणि कोपरे तडकले. तुटका तुकडा नखाने ओढला, तर चिरोट्यासारखे पापुद्रे सुटले. एचडीपीईत (टणक पॉलिथिन) पीपी (पॉलिप्रॉपिलीन, वेगळं प्लास्टिक) मिसळलेलं होतं. ही दोन्ही वितळल्यावर एकजीव दिसतात, पण एकाचे थेंब दुसऱ्यात नुसते अडकून बसतात. असा माल ताणला की लांबायच्या आधी तुटतो, धक्का तर सोसतच नाही.

काळा दाणा एकदा पडला की पोटात काय आहे ते ब्रह्मदेवालाही कळत नाही. म्हणून दाण्याऐवजी धुतलेला चुरा, म्हणजे जुन्या मालाचे न वितळवलेले बारीक तुकडे, घ्या; त्यातलं प्रत्येक प्लास्टिक अजून सुटं असतं.

आधी पाणी. बादलीत भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाका, नाहीतर हवेचे बुडबुडे चिकटून जडही तरंगतं. मूठभर चुरा टाकून ढवळा. पीपी (घनता ०.९० च्या आसपास, पाण्याची १) आणि एचडीपीई (साधारण ०.९५) वर राहतात. पाण्याच्या बाटल्यांचं पीईटी आणि पाइपांचं पीव्हीसी तळाशी जातात. तळाचं सगळं बाजूला काढा, त्यात दयामाया नको. पीईटी २५० अंशांच्या पुढे वितळतं, आपला बॅरल (मशीनची तापती नळी, जिच्यात स्क्रू फिरतो) २०० वर. न वितळलेली खपली जिथे राहील तिथे माल तुटणार. पीव्हीसी तापून आम्ल सोडतं आणि स्क्रू खातं. ओळखायला म्हणून ते जाळून बघू नका, धूर विषारी असतो.

मग वर तरंगलेला थोडा चुरा काचेच्या ग्लासात पाण्यावर घ्या आणि सर्जिकल स्पिरिट थोडं थोडं ओतत ढवळा. एचडीपीई आधी बुडेल, पीपी वरच राहील. आसपास विडी-काडी नको.

आता नमुने. नुसतं एचडीपीई, मग त्यात १० टक्के पीपी, मग २० टक्के, अशा एकाच जाडीच्या पट्ट्या पाडा. प्रत्येकीच्या दहा तरी हव्यात, एका पट्टीवर निकाल देऊ नये. दिवसभर तशाच ठेवा. मग दुमडून बघा, आणि किलोचं वजन ठरावीक उंचीवरून टाकून दहातल्या किती फुटल्या ते वहीत लिहा. पीपी वाढवलं की आकडा कुठे बिघडतो ते तुमचं तुम्हालाच दिसेल. मिश्रण टाळता येत नसेल, तर दोघांना सांधणारं इथिलीन-प्रॉपिलीन रबर घालतात, पण भाव बघून घ्या.

माल उन्हात राहणार असेल, तर दोन-अडीच टक्के कार्बन ब्लॅक (काजळीसारखी काळी भुकटी) हवं, तेही नीट विरघळल्यासारखं पसरलेलं. घमेली, कुंड्या याला असा चुरा चालतो. पिण्याच्या पाण्याची भांडी यातून काढू नका.