कलिंगडाचं आग्वा फ्रेस्का, पाणी दोनदा घालून

कलिंगडाचा ज्यूस मिक्सरला लावला की अर्धा ग्लास फेसच होतो आणि पाहुणे जास्त असले तर पुरत पण नाही. मेक्सिकोत बाजारात मोठमोठ्या काचेच्या बरण्यांत आग्वा फ्रेस्का ठेवलेलं असतं ना, फळ, पाणी, साखर, लिंबू एवढंच, ते करा. युक्ती एकच, सगळं पाणी मिक्सरमध्ये ओतायचं नाही.

१. 4 कप फोडी (बिया काढून) आणि 1 कप पाणी, मिक्सर थांबून थांबून फिरवा, एकदम सुसाट नको.
२. गाळून घ्या, चोथा दाबून पिळत बसू नका, वरचा फेस चमच्याने काढून टाका.
३. आता 2 कप गार पाणी, एका लिंबाचा रस, चिमूटभर मीठ. साखर थोड्या पाण्यात विरघळवूनच घाला नाहीतर तळाशी बसते, आणि कलिंगड गोड असेल तर घालूच नका.

बर्फ घालणार असाल तर जरा गोडच ठेवा कारण नंतर पांचट लागतं. अननस, खरबूज, काकडी-लिंबू पण असंच होतं, काकडीचं तर माझ्या मते सगळ्यात भारी.

फक्त हे त्याच दिवशी संपवा, फ्रीजमध्ये ठेवायचंच असेल तर लिंबू पिताना पिळा.