वेल्समधल्या कॉटेजात आठवडाभर: शेगडी, टाकी आणि अरुंद रस्ता

वेल्सच्या ग्रामीण भागात भाड्याने मिळणारं कॉटेज म्हणजे हॉटेल नव्हे. तिथे रिसेप्शन नसतं आणि बिघाड झाला तर धावत येणारा माणूसही नसतो. बहुतेक ठिकाणी गॅसची पाइपलाइन आणि सार्वजनिक ड्रेनेज पोचलेलं नसतं. हीटिंगच्या तेलाची टाकी घराची स्वतःची, सेप्टिक टँक स्वतःचा, काही ठिकाणी पाणीसुद्धा स्वतःच्या झऱ्याचं. या घराची चाल पहिल्या तासात ओळखली की आठवडा सुखाचा जातो. इथली उदाहरणं एररीची, म्हणजे इंग्रजीत ज्याला स्नोडोनिया म्हणतात त्या भागाची आहेत.

बुकिंग करताना नाव वाचा

वेल्श घरांची नावं उगीच ठेवलेली नसतात. 'अस्गिबोर' असेल तर ते जुनं धान्याचं कोठार, 'बेइदी' म्हणजे गोठा. दोन्हींच्या भिंती जाड दगडी, खिडक्या लहान आणि अंधार जरा जास्त. 'हावोद' म्हणजे उन्हाळ्यात गुरं वर चरायला नेत तेव्हाचं घर. ते उंचावर असणार, वाट चढाची असणार आणि वारा भरपूर. 'हेन्द्रे' हे हिवाळ्यातलं, खालचं घर. 'मेलिन' म्हणजे पाणचक्की, तेव्हा ओढा दाराशी आणि ओलही आलीच. लहान मुलं किंवा गुडघे दुखणारे आईवडील सोबत असतील तर फोटोंपेक्षा नावावर जास्त विश्वास ठेवावा.

भाडं बहुधा शुक्रवार ते शुक्रवार किंवा शनिवार ते शनिवार असतं. गर्दी नसताना शुक्रवार ते सोमवार तीन रात्री किंवा सोमवार ते शुक्रवार चार रात्रीही मिळतात. आत जायची वेळ साधारण दुपारी ४, निघायची सकाळी १०. मालकाला आधी विचारून घ्या: हीटिंग कशावर चालतं आणि त्याचा खर्च भाड्यात धरलाय का, स्वयंपाकाची शेगडी इंडक्शन आहे की गॅस, टॉवेल मिळतात का, मोबाइलला रेंज येते का, आणि शेवटचा एक किलोमीटर रस्ता कसा आहे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर मोठी गाडी भाड्याने घेऊ नका.

पोचणं

ग्रामीण भागात एकाच पोस्टकोडमध्ये दूरदूरची शेतं येतात. नुसता पोस्टकोड टाकलात तर नॅव्हिगेशन तुम्हाला भलत्याच गोठ्यापाशी नेऊन 'पोचलात' म्हणून सांगेल. मालकाकडून अक्षांश-रेखांश मागून घ्या आणि नकाशा घरूनच डाउनलोड करून ठेवा, कारण रेंज जाते ती नेमकी शेवटच्या वळणावर.

गाडी डावीकडूनच चालते, त्यामुळे भारतातून आलेल्यांना तो त्रास नाही. भारतीय परवान्यावर पाहुण्यांना तिथे पोचल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते. सप्टेंबर २०२३ पासून वेल्समध्ये वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा आहे. रस्त्यावर 'अराव' असं रंगवलेलं दिसेल, म्हणजे हळू.

खरी परीक्षा एका गाडीपुरत्या रस्त्यावर. दोन्ही बाजूंना झुडपांच्या उंच भिंती, त्यात अधूनमधून बगल देण्यासाठी रुंद केलेली जागा. ती जागा डावीकडे असेल तर आत शिरा. उजवीकडे असेल तर तिच्यासमोर थांबा, समोरची गाडी वळसा घालून जाईल. चढ चढणाऱ्याला आधी वाट द्या. ज्याला अशी जागा जवळ असेल त्याने मागे यायचं, हा तिथला रिवाज, तेव्हा रिव्हर्सचा सराव करूनच जा. त्या जागेत किंवा शेताच्या फाटकासमोर गाडी लावून ठेवू नका, ट्रॅक्टर अडकतो.

किराणा वाटेतच भरा. २८० चौरस मीटरपेक्षा मोठी दुकानं रविवारी फक्त सहा तास उघडी असतात, बहुतेक १० ते ४. शनिवारी संध्याकाळी पोचून 'उद्या बघू' म्हणालात आणि रविवारी उशिरा उठलात, तर जेवण ब्रेड-अंड्यावर. बुधवारी माखन्थ्लेथ गावच्या बाजाराला जरूर जा, १२९१ च्या सनदेपासून तो भरतो आहे.

शेगडी पेटवणं

बैठकीच्या खोलीतली लोखंडी लाकडाची शेगडी हे कॉटेजचं काळीज, आणि सगळ्यांत जास्त गोंधळही तिथेच. गावाकडची चूल पेटवता येते म्हणून हीही येईल असं नाही. चुलीत खालून वर पेटवतात, इथे वरून खाली.

आधी हवेच्या खालच्या आणि वरच्या दोन्ही खिटक्या पूर्ण उघडा. तळाशी थोडी राख राहू द्या, दोनेक सेंटीमीटर, तिच्यावर निखारा टिकतो. त्यावर मनगटाएवढी दोन-तीन फाडलेली लाकडं आडवी, थोडं अंतर ठेवून. त्यांच्यावर आठ-दहा बारीक काड्या आडव्या-उभ्या रचा आणि अगदी वर पेटवणीची वडी. वडी पेटवून दार बोटभर उघडं ठेवा. पाच-दहा मिनिटांनी काड्या नीट धडधडल्या की दार लावा, खालची हवा बंद करा आणि पुढे वरच्या हवेवरच आच कमी-जास्त करा. दर पाऊण तासाने एक-दोन लाकडं पुरतात. एकदम ठासून भरलं तर शेगडी लालबुंद होते आणि धुराड्याला धोका.

धूर खोलीत येतो त्याची कारणं ठरलेली. धुराडं थंडगार असेल तर आतली जड हवा धूर वर जाऊ देत नाही. पिळलेला कागद पेटवून शेगडीच्या वरच्या भागात धरा, ओढ सुरू होते. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू असेल तर तो धूर उलटा ओढतो, तो बंद करून खिडकी किंचित उघडा. काच काळी पडली तर लाकूड ओलं आहे किंवा हवा फार लवकर बंद केलीत. लाकडात ओल २० टक्क्यांच्या आत हवी. पेट्रोल पंपावरच्या जाळीच्या पिशवीवर 'रेडी टू बर्न' असा शिक्का असेल तर चालेल. समुद्रावर वाहून आलेलं लाकूड नको, त्यातलं मीठ लोखंड खातं. मालक देतो ती एक टोपली एका संध्याकाळी संपते, हे धरून चला.

रात्री हवा पूर्ण कोंडून शेगडी धुमसत ठेवू नका. त्यातून कार्बन मोनॉक्साइड होतो, आणि त्याला ना वास ना रंग. त्या खोलीत त्याचा अलार्म आहे ना ते पोचल्याबरोबर बघा, बटण दाबून तपासा. राख सकाळीही आतून गरम असते, म्हणून ती फक्त लोखंडी बादलीत, आणि बादली बाहेर दगडावर.

दोन फूट जाडीच्या भिंती तापायला दिवस लागतो. हीटिंग मध्येमध्ये बंद करण्यापेक्षा मंद पण सतत ठेवलेलं बरं. विजेचे स्टोरेज हीटर असतील तर त्यांना दोन खटके असतात: एक रात्री किती उष्णता साठवायची याचा, दुसरा ती किती सोडायची याचा. झोपताना दुसरा बंद करायला विसरलात, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हीटर गार.

स्वयंपाक

ओव्हन किंवा स्वयंपाकाची शेगडी चालत नसेल तर मालकाला फोन करण्याआधी भिंतीवरचं मोठं लाल बटण बघा, ते बंद असतं. ते चालू करूनही ओव्हन तापला नाही तर त्याच्या घड्याळात वेळ लावा. वेळ लावल्याशिवाय कित्येक ओव्हन तापतच नाहीत.

अ‍ॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही. स्टीलचा, तळाला चुंबक चिकटेल असा न्या. इंडक्शनवर किंवा काचेच्या शेगडीवर तवाही सपाट बुडाचाच हवा, आणि फुलके फुगवायला ज्योत मिळणार नाही. पोळ्या तव्यावरच कापडाने दाबून फुगवा. भारतातून थेट येणाऱ्यांनी तूप, खवा, पेढे आणू नयेत, दुधाचे पदार्थ सोबत आणायला बंदी आहे. मसाले, डाळी, पोहे चालतात.

फोडणी देताना दार लावा, खिडकी उघडा, मग तेल तापवा. बाहेरच्या पॅसेजमधला धुराचा अलार्म मोहरी तडतडायच्या आधीच वाजतो. त्याची बॅटरी काढणं हा उपाय नव्हे. हळद पांढऱ्या ओट्यावर सांडली तर तिथल्या तिथे पुसा. डाग उरला तर अनामत रकमेला कात्री लागू शकते. उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका. सेप्टिक टँकला तेल चालत नाही, ब्लीच चालत नाही, आणि ओले वाइप्स तर मुळीच नाहीत, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.

न्हाणीघर

फरशीला पाणी जायचा जाळीचा मार्ग नसतो. बादलीने अंघोळ केलीत तर पाणी खालच्या मजल्याच्या छतातून गळतं. जेट स्प्रेही नसतो, म्हणून एक मग सोबत असू द्या. टाकी १२० लिटरची आणि हीटर तीन किलोवॉटचा असेल तर गार पाणी तापायला दोन तास लागतात. चौघांनी ओळीने अंघोळी उरकायच्या ठरवल्या तर चौथा गारठतो.

बाहेर पडताना

अर् उइद्वा, म्हणजे स्नोडन हा डोंगर, १,०८५ मीटर उंच आहे. त्याच्या पायवाटा सुरू होतात त्या पेन-अ-पासला गाडी लावायची तर जागा आधी आरक्षित करावी लागते. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, डिसेंबरमध्ये चारलाच अंधारतं, तेव्हा टॉर्च न्याच. डोंगरात अडकलात तर ९९९ लावून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागा. नेचाच्या रानातून आल्यावर पोटऱ्या आणि गुडघ्यामागे गोचीड आहे का बघा. असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, पिळू नका. फाटक जसं दिसलं तसंच सोडा, उघडं असेल तर उघडं. शेतकऱ्याने मेंढ्यांना पाण्याकडे जायला ते मुद्दाम उघडं ठेवलेलं असतं.

निघताना

शेवटच्या रात्री शेगडीत नवं लाकूड घालू नका, म्हणजे सकाळी राख गार मिळेल. उष्टं-खरकटं छोट्या झाकणाच्या डब्यात, काच, कागद आणि प्लास्टिक-डबे वेगवेगळे. एप्रिल २०२४ पासून वेल्समधल्या व्यवसायांना कचरा वेगळा करणं कायद्यानेच बंधनकारक आहे आणि भाड्याची कॉटेजं त्यात येतात. दहाच्या आत किल्ली कोडच्या पेटीत ठेवा आणि आकडे फिरवून टाका.