लहान मुलांचा ताप अचूक कसा मोजावा
कपाळाला हात लावून ताप असल्याचा अंदाज येतो, पण तो किती आहे हे कळत नाही, म्हणून घरात डिजिटल थर्मामीटर असावाच. काखेतला घाम आधी टिपून घ्यावा, थर्मामीटरचे टोक कपड्याला न लागता काखेच्या मधोमध त्वचेला टेकेल असे ठेवावे आणि बीप वाजेपर्यंत बाळाचा दंड अंगाशी हलकेच धरून ठेवावा. इथे घाई केली की आकडा कमी येतो. काखेतले तापमान शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा थोडे कमीच दिसते, तरी त्यात मनाने अंश मिळवू नयेत. आकडा आणि मोजण्याची जागा, दोन्ही डॉक्टरांना सांगावे. कानाचा थर्मामीटर सहा महिन्यांखालील बाळासाठी भरवशाचा नाही. तीन महिन्यांहून लहान बाळाचे तापमान ३८ अंश सेल्सिअस (१००.४ अंश फॅरनहाइट) किंवा अधिक भरल्यास त्याला ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे.