गच्चीवरचा रेडिओ सारखा रिबूट होतोय? पीओईच्या वायरिंगमधल्या या चुका टाळा

गच्चीवरचा रेडिओ, म्हणजे वायरलेस इंटरनेटची लिंक जोडणारं उपकरण, सकाळी व्यवस्थित चालतो, संध्याकाळी ट्रॅफिक वाढलं की रिबूट मारायला लागतो. संशय आधी फर्मवेअरवर (रेडिओच्या आतल्या सॉफ्टवेअरवर) जातो. त्याआधी केबल तपासा, कारण पीओईत (पॉवर ओव्हर इथरनेट) डेटाच्याच केबलमधून वीजही वर जाते.

वर चढून प्लग काढायचा, मल्टिमीटर लावायचा, पूर्ण १२ व्होल्ट दिसले की केबल ठीक म्हणून खाली उतरायचं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, मग ड्रॉप, म्हणजे केबलमध्ये पडणारं व्होल्टेज, दिसणार कसा? व्होल्टेज मोजायचं ते रेडिओ चालू असताना. बऱ्याच रेडिओंच्या स्टेटस पानावर इनपुट व्होल्टेज दिसतं, ते संध्याकाळच्या लोडवर बघा.

आता हिशोब. कॅट-५ई (नेहमीची नेटवर्क केबल) मधल्या २४ गेज जाडीच्या शुद्ध तांब्याच्या एका तारेचा रोध १०० मीटरला साधारण ८.४ ओहम. नेहमीच्या पॅसिव्ह पीओईत निळी जोडी (पिन ४, ५) प्लस आणि तपकिरी जोडी (७, ८) मायनस. दोन तारा समांतर असल्यानं रोध निम्मा होतो, पण करंटला जायचं असतं तसं परतायचंही असतं. म्हणजे ५० मीटरला एकूण ४.२ ओहम.

यावर ८ वॅटचा रेडिओ लावला, तर १२ व्होल्टच्या अडॅप्टरचे वरपर्यंत जेमतेम ७.५ व्होल्ट पोचतात. व्होल्टेज पडलं की रेडिओ तेवढेच वॅट मिळवायला जास्त करंट ओढतो, आणि ड्रॉप आणखी वाढतो. हाच रेडिओ २४ व्होल्टवर असेल तर २२.५ पोचतात. म्हणून १२ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टर काढून २ अँपिअरचा लावणं म्हणजे पैसे वाया, वाढवायचे व्होल्ट. मात्र रेडिओच्या लेबलवरची कमाल मर्यादा वाचूनच. २४ व्होल्टच्या रेडिओला ४८ व्होल्टचा पॅसिव्ह इंजेक्टर (केबलमध्ये वीज घालणारा डबा) लावला तर तो जळू शकतो, कारण पॅसिव्ह इंजेक्टर समोर काय जोडलंय ते न विचारताच वीज सोडतो. ८०२.३एएफ या पीओई मानकाचा स्विच आधी उपकरण ओळखतो, मगच वीज देतो.

केबलची खरी परीक्षा अशी: इंजेक्टर आणि रेडिओ दोन्ही काढा. वरच्या टोकाला ४, ५, ७, ८ एकत्र शॉर्ट करा. खालच्या टोकाला ४-५ एकत्र, ७-८ एकत्र, आणि त्या दोघांमध्ये ओहम मोजा. मीटरच्या वायरींचा रोध वजा करायला विसरू नका. ५० मीटरला ४.२ च्या आसपास आलं तर केबल चांगली. सहाच्या पुढे गेलं तर दोन शक्यता: एखादी तार क्रिंपमध्ये (प्लगच्या दाबून केलेल्या जोडणीत) बसलेलीच नाही, किंवा केबल सीसीए आहे, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. तार ब्लेडनं खरवडा. आतून चांदीसारखी पांढरी निघाली तर सीसीए. अशी केबल पीओईला वापरूच नका. आकडा हलत असेल तर प्लग कापून नवा मारा. काम झालं की वरचा शॉर्ट आठवणीनं काढा, मगच इंजेक्टर लावा.

उन्हाचाही थोडा हात असतो. पत्र्यावर पडलेली काळी केबल ६० अंशांपर्यंत तापली, तर तांब्याचा रोध २० अंशांच्या तुलनेत सुमारे १६ टक्के वाढतो. आधीच काठावर असलेली लिंक तेवढ्यानं पडते.

पावसाळ्यात प्लगच्या पिनांवर हिरवट थर दिसला, तर नुसतं पुसून भागत नाही. पाणी आवरणाच्या आतून केबलभर पसरलेलं असतं, तेव्हा ओला भाग पूर्ण कापून टाका. नवी केबल रेडिओत शिरण्याआधी खाली झोल देऊन वर न्या, म्हणजे थेंब झोलाच्या तळाशीच गळून पडतील.