यागुआचा काताउरो कसा करावा

काताउरो म्हणजे पामच्या पट्ट्यापासून केलेली क्यूबातली टोपली. तिच्यासाठी रॉयल पामवर कोयता चालवू नका, हे माझं पहिलं सांगणं. हा पाम साधारण महिन्याला एक पान आपणहून टाकतो. पानाचा जो तळभाग खोडाला वेढून असतो, तो मीटरभराहून लांब, चिवट पट्टा म्हणजे यागुआ. पोफळीची विरी हाताळली असेल तर चटकन ओळखाल, फक्त हा कितीतरी मोठा.

तायनो लोक, म्हणजे क्यूबा आणि आसपासच्या कॅरिबियन बेटांवरचे मूळ रहिवासी, बोहियो, म्हणजे आपली घरं, पामच्या पानांनी शाकारत. यागुआ, वेलीला बेहुको, छपराच्या पानांना गुआनो हे त्यांचेच शब्द. क्यूबातला शेतकरी आजही हेच शब्द बोलतो. म्हणून मीही करताना हीच नावं घेते. ती जपली जावीत असं मला मनापासून वाटतं.

नुकतीच पडलेली, वाकवली तरी न कडकडणारी यागुआ निवडा. वाळलेली असेल तर रात्रभर पाण्यात दगडाखाली दाबून ठेवा. इथे घाई केली की पुढे सगळं फुकट जातं. मग पात्याचा भाग आणि कडेचा पातळ, दोरे सुटणारा भाग कापून सरळ लांबट चौकोन काढा. गुळगुळीत बाजू आत येऊ द्या.

खरी कसोटी घडीची. यागुआचे धागे लांबीच्या दिशेने धावतात, आणि टोकं वर उचलताना घडी नेमकी त्या धाग्यांना आडवी पडते. नखाने दाबून कडक घडी घातलीत तर तिथेच तडकते. गोल काठी आडवी ठेवा, तिच्यावरून टोक हळूहळू वळवा, अधूनमधून ओला हात फिरवा. दोन्ही टोकं वीतभर उभी राहिली की कोपरे आत दुमडून एकावर एक आणा.

आता दाभणाने भोकं पाडून बारीक बेहुको ओवा. भोकं एकाच धाग्यावर ओळीने आली तर यागुआ उभी फाटते, म्हणून ती थोडी वरखाली पाडा. मुठीसाठी जाड बेहुको पुरे.

सावलीतच वाळवा, आत दगड ठेवून, म्हणजे आकार बसतो. उन्हात तोंड वेडंवाकडं होतं. पूर्ण वाळल्यावर फळं, अंडी, कसावा कंदाच्या भाकऱ्या खुशाल भरा. ओलं काही ठेवलंत तर रिकामा करून लगेच वाऱ्यावर टांगा, नाहीतर तळाला बुरशी धरते.