कुत्र्याला गाडीने कोकणात नेताय? या चुका टाळा

चिंगी घरी आली तेव्हा अडीच महिन्यांची होती. पुढच्या सहा महिन्यांत ती चार वेळा गाडीत बसली आणि चारही वेळा गाडी थांबली ती दवाखान्यासमोर. मग दिवाळीत आम्ही तिला घेऊन पुण्याहून दापोलीला निघालो. पौड येईपर्यंत तिच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या, आणि ताम्हिणी उतरेपर्यंत तीनदा उलटी झाली. 'हिला गाडी लागते' असं आम्ही एकमेकांना सांगत राहिलो. पण गाडी सुरू व्हायच्या आधीच ती थरथरत होती, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

गाडी म्हणजे फक्त डॉक्टर

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती निघायच्या कितीतरी आधी होऊन गेलेली असते. गाडीचं दार उघडलं की सुई टोचणार, एवढंच कुत्र्याला ठाऊक असतं. म्हणून तयारी तीन-चार आठवडे आधी, पार्किंगमधल्या बंद गाडीपासून सुरू करा. मागची दोन्ही दारं उघडी ठेवा, सीटवर त्याची रोजची चादर टाका आणि उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे तुकडे ठेवा. तो स्वतःहून चढू दे आणि वाटेल तेव्हा उतरू दे. उचलून आत ढकलू नका. तसं एकदा केलंत, तर आठवडाभराची मेहनत वाया जाते.

मग दारं लावून दोन मिनिटं बसा. पुढच्या दिवशी इंजिन सुरू करा, पण गाडी हलवू नका. त्यानंतर सोसायटीच्या गेटपर्यंत एक फेरी. आणि मग अशा ठिकाणी न्या जिथे त्याला मजाच येईल. आमची चिंगी वेताळ टेकडीच्या फेऱ्यांमुळे सुधारली. पुढची पायरी कधी घ्यायची, हे त्याचं खाणंच सांगतं. आवडता तुकडा नाकापुढे धरूनही तो तोंड फिरवत असेल, तर तो घाबरलेला आहे. एक पायरी मागे या. इथे घाई केली की घाटात निस्तरावं लागतं.

भीती आणि गाडी लागणं यांत गल्लत

उभ्या गाडीतच लाळ गळत असेल, तर ती बहुधा भीती. सुरुवातीला नीट बसलेला कुत्रा वळणं लागल्यावर जांभया देऊ लागला, ओठ चाटू लागला, मग लाळ गाळू लागला, तर त्याला मळमळतंय. पिल्लांना हा त्रास जास्त होतो, कारण तोल सांभाळणारी कानाच्या आतली रचना पूर्ण तयार झालेली नसते. वर्षाचं होईपर्यंत बऱ्याच जणांचा त्रास आपोआप कमी होतो. मात्र दोन-तीनदा उलटी झाली की गाडीचीच धास्ती बसते, म्हणून मोठं झाल्यावर बघू म्हणत थांबू नका.

पोटभर जेवण देऊन निघू नका. तीन-चार तास आधी हलकं खाणं पुरे, पाणी मात्र थोडं थोडं देत राहा. काच दोन बोटं खाली ठेवा, गाडीतलं अत्तर काढून टाका, आणि जांभया सुरू होताच थांबून त्याला दहा मिनिटं चालवा. तरीही उलटी होत असेल, तर डॉक्टरांना मॅरोपिटंटबद्दल विचारा. ही गोळी निघण्याच्या किमान दोन तास आधी द्यावी लागते. ती उलटी थांबवते, भीती घालवत नाही. आपल्या घरातली प्रवासाची गोळी अंदाजाने देऊ नका. गुंगीचं औषधही स्वतः मागू नका. काही औषधांनी कुत्रा फक्त शांत दिसतो, आतून तो तितकाच घाबरलेला राहतो.

मोकळं सोडणं

मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसवणं लाडाचं वाटतं. पण करकचून ब्रेक लागला तर हातात धरलेला कुत्रा हातात राहत नाही, आणि एअरबॅग उघडली तर मार त्यालाच बसतो. मागच्या सीटवर हार्नेस (छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा) घालून, तो सीटबेल्टला अडकवून बसवा. दोरी गळ्यातल्या पट्ट्याला अडकवू नका, झटक्याने मानेला इजा होते. खिडकीतून डोकंही बाहेर काढू देऊ नका.

थांब्यावर दार उघडण्याआधी दोरी हातात हवी. हॉटेलच्या आवारात फटाक्यांची माळ वाजली आणि आमच्या डोळ्यांदेखत एक लॅब्रॅडोर उघड्या दारातून थेट हायवेकडे धावला. सुदैवाने एका ट्रकचालकाने त्याला धरलं. पट्ट्यावर फोन नंबर लिहिलेला हवाच.

'पाच मिनिटांत येतो'

हे मी हात जोडून सांगते: कुत्र्याला बंद गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका. बाहेर 30 अंश तापमान असेल, तर 10 मिनिटांत आत सुमारे 40 होतं, आणि अर्ध्या तासात 49च्या आसपास. काच थोडी उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही, सावलीही सरकते. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड करतो, आणि तापलेल्या हवेत त्याचाही उपयोग उरत नाही. पग, शित्झू, बुलडॉग यांची अवस्था आणखी लवकर बिघडते. एकाने जेवावं, दुसऱ्याने बाहेर कुत्र्याजवळ थांबावं.

जोरात धापा, गडद लाल हिरड्या, घट्ट लाळ, अडखळती चाल दिसली, तर सावलीत आणा, अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि लगेच जवळचा दवाखाना गाठा.

खाऊ आणि परतीची वाट

बटाटेवड्यात लसूण असते, लोणावळ्याच्या चॉकलेट फजमध्ये चॉकलेट. दोन्ही कुत्र्यासाठी विषारी. त्याचं रोजचं खाणं डब्यात भरून घ्या.

जाण्यापूर्वी रेबीज आणि लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा आजार) लसींच्या तारखा तपासा. पावसाळ्यात कोकणात लेप्टोचा धोका खरा असतो. किनाऱ्यावर गोडं पाणी जवळ ठेवा, खारं पाणी पिऊन जुलाब झाले तर परतीचा प्रवास अवघड होतो. परत निघताना कानांत, बोटांच्या बेचक्यांत आणि शेपटीखाली गोचीड शोधा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, खाणं सुटलं किंवा हिरड्या फिक्या पडल्या, तर रक्त तपासून घ्या, आणि कोकणात जाऊन आलोय हे डॉक्टरांना आधी सांगा.