आजी कालपर्यंत कशा होत्या?

पीबीएलच्या, म्हणजे समस्याधारित शिक्षणाच्या पहिल्या तासाला आम्ही आठ जणी गोल करून बसलो. मॅडमनी एक कागद पुढे सरकवला. ७८ वर्षांच्या आजी, खुब्याचं ऑपरेशन होऊन तिसरा दिवस; रात्री अचानक असंबद्ध बोलायला लागल्या आणि सलाईनची सुई उपसून टाकली. शिकवणं नाही, नोट्स नाहीत.

पाच मिनिटांत आमचं उत्तर तयार झालं: वयामुळे असं होतंच, हात बांधा, झोपेच्या औषधासाठी डॉक्टरांना विचारा. मॅडमनी एवढंच विचारलं, "ऑपरेशनच्या आधी आजी कशा होत्या?" कागदावर तेही होतं. आदल्या संध्याकाळी त्या नातवाला गणितं घालत होत्या. ती ओळ आम्ही सगळ्यांनीच वाचली होती आणि सोडून दिली होती.

मग शोधाशोध सुरू झाली. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, बहुतेकदा महिनोन् महिने, वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत सुरू होऊन कमी-जास्त होत राहतो तो डिलिरियम, म्हणजे अचानक उडालेला मनाचा गोंधळ, आणि त्यामागे कारण असतं. दुखणं, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, जंतुसंसर्ग, कमी पडलेलं पाणी, घसरलेला ऑक्सिजन, नवीन औषध. हात बांधल्याने तर घाबरलेला माणूस आणखी बिथरतो. शिवाय या आजींचा चष्मा आणि कानाचं मशीन ऑपरेशनच्या वेळी काढून घरी पाठवलं होतं!

पीबीएलची ही पद्धत १९६९ साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय अभ्यासक्रमात सुरू झाली. तिच्या सात पायऱ्या तुम्हा नव्याने शिकणाऱ्यांना शिकवतीलच. माझं सांगणं एकच, दुसऱ्या पायरीवर, म्हणजे नेमका प्रश्न काय हे ठरवताना, घाई करू नका. आमचा प्रश्न 'आजींना शांत कसं करायचं' हा होता, तो 'आजी अचानक का बदलल्या' असा झाला तेव्हाच अभ्यासाला दिशा मिळाली.

नवकल्पनाही याच वाटेने येते. आम्ही चष्मा आणि मशीन ठेवायला कापडी पिशवी शिवली, बेडच्या रेलिंगला बांधली. वॉर्डमधल्या सिस्टरनी रेलिंग खाली केलं आणि पिशवी चाकापाशी लोळली. दुसरी पिशवी लॉकरला लावली, वर पेशंटचं नाव लिहिलं. ती टिकली. आधी वापरून बघा, मग सादरीकरण करा.

ब्रिटनमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड काविळीच्या बाळांना उन्हात नेत असत. १९५६ मध्ये त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवलं: अंग फिकट झालेलं, फक्त चादरीच्या कोपऱ्याखाली झाकलेला त्रिकोण पिवळाधमक. त्यातूनच पुढे प्रकाशोपचार आले. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर मी तो त्रिकोण काढून ठेवलाय. नव्या केसचा कागद हातात आला की आधी ते पान उघडते, मग केस दोनदा वाचते.